दोनदा निगेटिव्ह: मैनाच्या पोटातले व्हिपवर्म

सोडियम १२८, पोटॅशियम ६.६. कुत्र्याच्या रक्ततपासणीत हे दोन आकडे शेजारीशेजारी दिसले की पशुवैद्याच्या डोक्यात पहिलं नाव येतं ते अ‍ॅडिसनच्या आजाराचं, म्हणजे मूत्रपिंडांजवळच्या अधिवृक्क ग्रंथी संप्रेरकं पुरेशी बनवेनाशा होतात त्या आजाराचं. सोडियम साधारण १४० ते १५० आणि पोटॅशियम ३.५ ते ५.५ मिलिइक्विव्हॅलंट प्रतिलिटर असावं लागतं. सोडियमला पोटॅशियमने भागलं, तर निरोगी कुत्र्यात उत्तर २७च्या वर येतं. इथे ते १९.४ आलं होतं. कुत्री पाच वर्षांची मादी होती, म्हणजे अ‍ॅडिसन ज्या वयात आणि ज्या लिंगात जास्त आढळतो नेमकी तशीच. अशक्तपणा, थरथर, उलट्या, सुकलेल्या हिरड्या ही लक्षणंही जुळत होती. आजार मात्र अ‍ॅडिसनचा नव्हता. मोठ्या आतड्याच्या तोंडाशी चिकटलेले व्हिपवर्म नावाचे जंत हे घडवत होते. त्याआधीच्या आठ महिन्यांत तिची विष्ठा दोनदा तपासली गेली होती आणि दोन्ही वेळा ‘जंत नाहीत’ असा शेरा मिळाला होता.

हे प्रकरण समजावून सांगण्यासाठी रचलेलं आहे. मैना नावाची एखादी विशिष्ट कुत्री त्यामागे नाही. पण आजाराची चाल, तपासण्यांचे आकडे आणि निदानाच्या वाटेवरचे चकवे व्हिपवर्म झालेल्या कुत्र्यांत जसे दिसतात तसेच ठेवले आहेत.

आठ महिन्यांची कुरबूर

मैना मिश्र जातीची, नसबंदी झालेली, आधीचं वजन साडेचोवीस किलो. लसी वेळच्या वेळी. घरात दुसरा कुत्रा आहे, भीम. नऊ वर्षांचा, धिप्पाड, कधी आजारी न पडलेला. दोघं मागच्या अंगणात मोकळी असतात आणि झाडाखालचा सावलीतला ओलसर कोपरा ही त्यांची शी-शूची ठरलेली जागा.

तक्रार सुरुवातीला तक्रार म्हणावी अशीही नव्हती. तीन-चार दिवस शी सैल व्हायची. मैना दिवसातून पाच-सहा वेळा बसायची, कुंथायची, थोडंसंच पडायचं, त्यावर चिकट आव असायची आणि कधीकधी अगदी शेवटी ताज्या लाल रक्ताचे एक-दोन थेंब. मग आपोआप सगळं थांबायचं. दहा-पंधरा दिवस कुत्री ठणठणीत, पुन्हा तेच.

या वर्णनातच निम्मं निदान आहे. वारंवार, थोडी थोडी, कुंथून होणारी, आव आणि ताजं रक्त असलेली शी म्हणजे बिघाड मोठ्या आतड्यात. लहान आतड्याचा जुलाब वेगळा असतो. त्यात शी एका वेळी पुष्कळ होते, घाई कमी असते, रक्त पडलंच तर पचून काळं झालेलं असतं आणि वजन झपाट्याने उतरतं. मोठ्या आतड्याचा, येऊन-जाऊन होणारा, महिनोन्महिने चाललेला जुलाब म्हटल्यावर कारणांच्या यादीत व्हिपवर्मचं नाव अगदी वर असायला हवं. ते वर नव्हतं, आणि याला कारण ठरलं मैनाचं जंतांच्या गोळ्यांचं नीटनेटकं कार्ड.

“डॉक्टर, जंतांचं म्हणाल तर ते शक्यच नाही. दर तीन महिन्यांनी गोळी देतेच मी. हे बघा कार्ड.”

“गोळी कोणती देता?”

“तीच हो, जंतांची.”

हा संवाद आठ महिन्यांपूर्वी व्हायला हवा होता. झाला तो कुत्री कोसळल्यावर. दरम्यान खाणं तीनदा बदललं गेलं. प्रत्येक बदलानंतर आठवड्याभरात शी घट्ट झाली आणि प्रत्येक वेळी घरच्यांना वाटलं, सापडलं कारण. मग मेट्रोनिडॅझोल या प्रतिजैविकाचा एक कोर्स झाला, तोही ‘लागू पडला’. प्रोबायोटिकही लागू पडलं. जो आजार मुळातच चार दिवस येऊन दहा दिवस जातो, त्यात चौथ्या दिवशी काहीही दिलं तरी गुण येणारच. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. पोटाच्या जुनाट तक्रारींत मला सगळ्यात फसवी वाटणारी गोष्ट हीच आहे. ‘दिलं आणि बरं वाटलं’ हा पुरावा फार तोकडा असतो, कारण न देताही बरं वाटलंच असतं.

वजन मात्र गुपचूप उतरत होतं. आठ महिन्यांत ते २१.८ किलोवर आलं. रोज नजरेसमोर असलेल्या कुत्र्याचं वजन कमी झालेलं घरच्यांना दिसत नाही, त्यासाठी काटाच लागतो.

कोसळली त्या दिवशी

आदल्या रात्री दोन उलट्या, सकाळी खाण्याकडे पाठ आणि दुपारी मैना उठून चार पावलं चालली ती मागच्या पायांवर बसली. दवाखान्यात आणली तेव्हा शरीरातलं पाणी बरंच कमी झालेलं होतं. असं असताना हृदयाचे ठोके मिनिटाला १३०च्या पुढे असायला हवेत. ते होते ८४. पाणी आटलेल्या कुत्र्याचं हृदय असं संथ चालत असेल तर पोटॅशियम वाढलेलं असण्याची दाट शंका घ्यावी, आणि रिपोर्टने ती खरी केली.

बाकी रक्तही बोलकं होतं. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला लाल पेशींचा वाटा, ३४ टक्के. निरोगी कुत्र्यात तो ३७ ते ५५ असतो. पाणी कमी झालं की रक्त दाट होऊन हा आकडा खोटा वाढतो, म्हणजे खरा रक्तक्षय ३४ टक्क्यांवरून वाटतो त्याहून जास्त होता. अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन कमी होतं, २.३ ग्रॅम प्रतिडेसिलिटर, म्हणजे प्रथिनं कुठूनतरी गळत होती. इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी मायक्रोलिटरमागे १,९०० होत्या. १,२००-१,३००च्या आत असायला हव्या. इओसिनोफिल वाढले की परजीवींची आठवण होते हे खरं, पण अ‍ॅडिसनमध्येही ते वाढलेले दिसतात. आजारी कुत्र्याच्या अंगात एरवी कॉर्टिसोल हे अधिवृक्क ग्रंथींचं संप्रेरक वाढतं आणि या पेशी कमी होतात. कॉर्टिसोलच नसेल तर त्या कमी होत नाहीत. त्यामुळे हा आकडा दोन्ही बाजूंनी साक्ष देत होता. पहिल्या वाचनात तो अ‍ॅडिसनच्या पारड्यात पडला, आणि त्या घडीला ते चुकीचंही नव्हतं. अ‍ॅडिसनचा झटका काही तासांत जीव घेऊ शकतो. त्याची शंका आली की आधी सलाईन लावायचं, वाद नंतर घालायचा.

शिरेतून सलाईन सुरू झालं. कॉर्टिसोल तपासणीचं पहिलं रक्त घेतलं, अधिवृक्क ग्रंथींना कॉर्टिसोल बनवायला लावणाऱ्या एसीटीएच संप्रेरकाचं कृत्रिम इंजेक्शन दिलं आणि तासाभराने दुसरं रक्त घेतलं. मधल्या काळात स्टेरॉइडची गरज भासलीच तर डेक्सामेथासोन हाताशी ठेवलं होतं. प्रेडनिसोलोन कॉर्टिसोलच्या तपासणीत मिसळून आकडे बिघडवतं, डेक्सामेथासोन तसं करत नाही. संध्याकाळपर्यंत मैना मान वर करून बघायला लागली, रात्री थोडं खाल्लं.

पाय घसरतो तो इथेच. कुत्री सलाईनने सुधारली म्हणजे अ‍ॅडिसनच, असा निष्कर्ष सहज निघतो. पण पाणी आणि सोडियम गेलेल्या कोणत्याही कुत्र्याला पाणी आणि सोडियम दिलं की ते सुधारतंच. एसीटीएच चाचणी केलीच नसती, तर मैनाला आयुष्यभरासाठी क्षारांचा तोल राखणाऱ्या संप्रेरकाची औषधं सुरू झाली असती. सततच्या उपचारांमुळे क्षार जाग्यावर राहिले असते आणि जंत खुशाल आत राहिले असते.

चाचणीचा निकाल आला. आधीचं कॉर्टिसोल ५.२, तासानंतरचं १५.८ मायक्रोग्रॅम प्रतिडेसिलिटर. अ‍ॅडिसनमध्ये दोन्ही आकडे २च्या खाली रेंगाळतात. मैनाच्या अधिवृक्क ग्रंथी उत्तम काम करत होत्या.

मग क्षार कुणी बिघडवले?

सोडियम कमी आणि पोटॅशियम जास्त, पण ग्रंथी चांगल्या, अशा कुत्र्यांची कारणं वेगळी शोधावी लागतात. मूत्रमार्ग तुंबलेला नाही ना, मूत्रपिंड निकामी नाही ना, छातीत किंवा पोटात पाणी साठत नाही ना, मादी गाभण तर नाही. नमुन्यातला घोटाळाही बघावा लागतो. रक्त ईडीटीए या गोठणरोधकाच्या नळीतून चुकून दुसऱ्या नळीत गेलं असेल, तर त्यातल्या पोटॅशियम क्षारामुळे पोटॅशियम आभाळाला भिडतं; मात्र तेव्हा कॅल्शियमही अशक्य वाटावं इतकं खाली आलेलं असतं. मैनाचं कॅल्शियम जाग्यावर होतं आणि वरचं बाकी काही लागू नव्हतं. उरली आतडी.

व्हिपवर्ममुळे होणारा हा ‘आभासी अ‍ॅडिसन’ १९८०च्या दशकापासून पशुवैद्यकीय साहित्यात नोंदलेला आहे. मोठ्या आतड्याचं मुख्य कामच मुळी पाणी आणि सोडियम परत शोषून घेण्याचं. त्याची आतली त्वचा सुजली की सोडियम, पाणी आणि बायकार्बोनेट शीवाटे निघून जातात. शरीर पाणी धरून ठेवायचा प्रयत्न करतं, कुत्रं साधं पाणी पितं, आणि उरलंसुरलं सोडियम आणखी पातळ होतं. पोटॅशियमचं गणित मूत्रपिंडात बिघडतं. पोटॅशियम बाहेर टाकायला अल्डोस्टेरॉन हे अधिवृक्क ग्रंथींचं संप्रेरक लागतं, ते तर भरपूर असतं. पण मूत्रनलिकेच्या शेवटच्या भागापर्यंत पुरेसं सोडियम आणि पाणी पोहोचावंही लागतं. तेच पोहोचत नाही, म्हणून पोटॅशियम अडकून पडतं. त्यात बायकार्बोनेट गेल्याने रक्त आम्लधर्मी होतं, आणि पेशींतलं पोटॅशियम बाहेर यायलाही हातभार लागतो. म्हणजे संप्रेरक जागेवर असूनही परिणाम संप्रेरक नसल्यासारखाच.

विष्ठा तिसऱ्यांदा तपासली. या वेळी ताज्या नमुन्यातली चार-पाच ग्रॅम विष्ठा घेऊन, गाळून, १.२७ सापेक्ष घनतेच्या साखरेच्या द्रावणात मिसळून सेंट्रिफ्यूज या वेगाने फिरणाऱ्या यंत्रात फिरवली आणि वरची काच दहा मिनिटांनी उचलली. अख्ख्या काचेवर अंडी सापडली ती चार. तपकिरी, जाड कवचाची, लंबगोल, दोन्ही टोकांना बूच बसवल्यासारखी. ट्रायक्युरिस व्हल्पिस, म्हणजेच कुत्र्याचा व्हिपवर्म. लांबी मोजली, ८० मायक्रॉनच्या आसपास. मोजणं अगत्याचं, कारण कॅपिलेरिया गटातल्या जंतांची अंडीही दोन बुचांची असतात, पण ती लहान आणि थोडी तिरपी दिसतात.

आधीचे दोन रिपोर्ट खोटे नव्हते

पहिल्या दोन तपासण्या करणाऱ्याने कामात हयगय केली असं मला वाटत नाही. त्याने काचेवर काडीने विष्ठा पसरली, थेंबभर सलाईन घातलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. या पद्धतीत जेमतेम दोन मिलिग्रॅम विष्ठा डोळ्यांखालून जाते. पाच ग्रॅमच्या तुलनेत हा अडीच हजारावा हिस्सा झाला. त्यात हलणारे एकपेशीय जीव छान दिसतात, पण विरळ अंडी सापडणं केवळ नशिबाचं. रिपोर्टवर ‘अंडी दिसली नाहीत’ असं होतं. घरी पोहोचेपर्यंत त्याचं ‘जंत नाहीत’ झालं.

पद्धत सुधारली तरी व्हिपवर्म सहज हाती लागत नाही. त्याची अंडी राउंडवर्म किंवा हुकवर्मच्या अंड्यांपेक्षा जड असतात. नुसतं द्रावणात ठेवून तरंगायची वाट पाहिली तर बरीचशी खालीच राहतात, म्हणून सेंट्रिफ्यूज लागतो. मादी रोज सारखी अंडी घालत नाही, त्यामुळे आज नाही आणि परवा आहे असं होतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अंडं पोटात गेल्यापासून नवी अंडी बाहेर पडू लागेपर्यंत सुमारे अकरा आठवडे जातात. हुकवर्मला दोन-तीन आठवडे लागतात, राउंडवर्मला पिल्लांत तीन ते पाच. त्या अकरा आठवड्यांच्या उत्तरार्धात जंत आतड्यात रुतलेले असतात, सूज असते, आव पडते, पण सूक्ष्मदर्शकाला दाखवायला अंडं नसतं. जंतांच्या शरीरातून झिरपणारी प्रथिनं विष्ठेत ओळखणारी अँटिजेन चाचणी हा आंधळा काळ बराच कमी करते. अंडी दिसण्याच्या आधीही ती पॉझिटिव्ह येऊ शकते. ती उपलब्ध असेल तर सेंट्रिफ्यूजच्या जोडीला करावी. त्याऐवजी नको, कारण ती ज्या जंतांसाठी बनवली आहे तेवढेच दाखवते.

उलट दिशेची फसवणूकही होते, हे जाता जाता सांगायला हवं. काही कुत्र्यांना दुसऱ्या प्राण्यांची विष्ठा खायची सवय असते. मग खाल्लेली अंडी जशीच्या तशी बाहेर पडतात आणि नसलेला संसर्ग रिपोर्टवर दिसतो. दोन-तीन दिवस जाळी बांधून किंवा नजर ठेवून पुन्हा तपासलं की खरं काय ते कळतं.

कार्डावरची गोळी

आता त्या “तीच हो, जंतांची” गोळीकडे. कव्हर मागवून पाहिलं तेव्हा त्यावर दोन औषधांची नावं होती: पायरँटेल आणि प्राझिक्वांटेल. पायरँटेल राउंडवर्म आणि हुकवर्मला लुळं करतं. प्राझिक्वांटेल टेपवर्मवर चालतं. व्हिपवर्मला दोघांपैकी एकही काही करत नाही. मैनाला वर्षातून चार वेळा, न चुकता, तिच्यातल्या जंतावर न चालणारं औषध मिळत होतं.

बाजारात दिसायला अगदी तशीच आणखी एक गोळी असते. त्यावर तिसरं नाव असतं, फेबँटेल. शरीरात गेल्यावर त्याचं फेनबेंडॅझोल आणि ऑक्सफेंडॅझोल होतं, आणि ती गोळी व्हिपवर्मवर चालते. कार्डावर ‘डीवॉर्मिंग केले’ एवढंच लिहिलेलं असेल, तर त्या ओळीला माझ्या लेखी काही किंमत नाही. औषधाचं नाव, त्या दिवशीचं वजन आणि दिलेली मात्रा हवी. वजन अशासाठी, की वीस किलोच्या कुत्र्याला दहा किलोची गोळी देऊन ‘दिली’ असं लिहिलेली कार्डंही असतात.

आणखी एक समज खोडायला हवा. जंतांचं औषध म्हणजे लस नव्हे. गोळी दिल्या दिवशी आतड्यात जे जंत आहेत त्यांच्यावर ती चालते, एक-दोन दिवसांत शरीराबाहेर जाते, आणि तिसऱ्या दिवशी कुत्र्याने मातीतून नवी अंडी उचलली तर गोळीला त्याच्याशी देणंघेणं नसतं.

उपचार

फेनबेंडॅझोल, किलोमागे ५० मिलिग्रॅम, सलग तीन दिवस, खाण्यासोबत. २१.८ किलोच्या मैनाला रोज सुमारे १,१०० मिलिग्रॅम. हाच तीन दिवसांचा कोर्स तीन आठवड्यांनी पुन्हा आणि तीन महिन्यांनी आणखी एकदा. हे वेळापत्रक असं का, तर या जंताच्या आयुष्यक्रमामुळे. अंड्यातून निघालेली अळी आधी लहान आतड्याच्या त्वचेत काही दिवस काढते, मग सीकममध्ये, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या बंद पिशवीत, जाऊन मोठी होते. प्रौढ जंत साडेचार ते साडेसात सेंटिमीटरचा असतो आणि त्याचा पुढचा, शरीराच्या सुमारे तीनचतुर्थांश लांबीचा, बारीक भाग आतड्याच्या त्वचेत शिवल्यागत घुसलेला असतो. लहान अळ्या पहिल्या कोर्समधून निसटू शकतात. त्यात मातीतून नवा संसर्गही होत राहतो. तिसरा कोर्स त्या अकरा आठवड्यांच्या हिशोबाने, निसटलेले किंवा नव्याने आलेले जंत अंडी घालायच्या बेतात असतानाच गाठण्यासाठी.

शीवाटे जंत पडताना दिसतील अशी घरच्यांची अपेक्षा होती. व्हिपवर्म सहसा दिसत नाहीत. टेपवर्मचे तुकडे शेपटीखाली वळवळताना दिसतात, पिल्लांच्या उलटीत लांब राउंडवर्म दिसतात. पण हुकवर्म आणि व्हिपवर्म जिथे असतात तिथेच राहून त्रास देतात. ‘मला जंत कधी दिसले नाहीत’ या वाक्यावरून म्हणूनच काही ठरत नाही.

दहाव्या दिवशी सोडियम १४४, पोटॅशियम ४.६, भागाकार ३१.३. अ‍ॅडिसनचं कोणतंही औषध दिलेलं नव्हतं. शी पहिल्या आठवड्यातच घट्ट झाली होती, पण आधीच्या ‘गुण आला’च्या अनुभवांनंतर यावर विसंबण्यात अर्थ नव्हता. विश्वास ठेवण्याजोगी गोष्ट घडली ती पुढच्या दोन महिन्यांत: एकदाही आव पडली नाही.

अनेक पशुवैद्य मोठ्या आतड्याच्या जुनाट जुलाबात, रिपोर्ट निगेटिव्ह असला तरी, मोठ्या तपासण्यांच्या आधी फेनबेंडॅझोलचा एक कोर्स देऊन पाहतात. मला हे पटतं. औषध सुरक्षित आहे, आणि दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा काढण्यापेक्षा किंवा आयुष्यभराची स्टेरॉइड सुरू करण्यापेक्षा तीन दिवसांचा हा कोर्स कुत्र्याला कितीतरी सोपा. पण हे एखाद्या आजारी कुत्र्यापुरतं. लक्षण असो-नसो, एकच औषध वर्षानुवर्षं आंधळेपणाने देत राहिलं तर जंत त्याला दाद देईनासे होतात. अमेरिकेत शर्यतीच्या ग्रेहाउंड कुत्र्यांमधून पसरलेले हुकवर्म एकाच वेळी पायरँटेल, फेनबेंडॅझोल आणि मिल्बेमायसिन गटालाही पुरून उरतात, हे आता नीट सिद्ध झालेलं आहे.

भीम

मैनाची अंडी कुठून आली हे विचारल्यावर घरच्यांनी बाहेरच्या कुत्र्यांकडे बोट दाखवलं. भीमची विष्ठा कुणी तपासली नव्हती; तो आजारी नव्हता ना. तपासली, तर मैनाच्या काचेवर चार अंडी होती, भीमच्या काचेवर प्रत्येक दृष्टिक्षेत्रात दोन-तीन. वजन चांगलं, अंगावर तकाकी, शी घट्ट. हिमॅटोक्रिट ४५ टक्के. त्याच जंतांनी एकीला मरणाच्या दारात नेलं होतं आणि दुसऱ्याला ओरखडाही काढला नव्हता.

असं का होतं याचं एक ठरलेलं उत्तर नाही. जंतांची संख्या, आतड्याची सूज येण्याची प्रवृत्ती, वय, खाणंपिणं, जोडीला आणखी काही संसर्ग आहे का, या सगळ्याचा त्यात वाटा असतो. व्यवहारात अर्थ एवढाच, की जास्त अंडी म्हणजे जास्त आजार हे समीकरण चालत नाही आणि निरोगी दिसणं म्हणजे जंत नसणं हेही चालत नाही. भीमसारखं कुत्रं आजारी कुत्र्यापेक्षा जास्त काळ, जास्त माती दूषित करतं, आणि ते कधीच संशयितांच्या यादीत नसतं. त्यालाही तोच तीन कोर्सचा उपचार सुरू झाला.

कोपऱ्यातली माती

कुत्री स्वच्छ करता येतात, माती नाही. व्हिपवर्मचं ताजं अंडं संसर्ग करू शकत नाही. उबदार, ओलसर मातीत ते तयार व्हायला कमीत कमी नऊ-दहा दिवस लागतात, बहुतेकदा दोन ते चार आठवडे. एकदा तयार झालं की सावलीच्या ओल्या जागेत ते वर्षानुवर्षं टिकतं. फिनाइल किंवा ब्लीचने काही होत नाही, कवच ते आत शिरूच देत नाही. अंड्याचे वैरी दोनच, कडक ऊन आणि कोरडेपणा. फरशीवर असेल तर उकळतं पाणी किंवा वाफ.

यातून घरच्यांसाठी दोन कामं निघाली. शी रोजच्या रोज उचलायची. आठवड्याने नव्हे, कारण त्या नऊ दिवसांच्या आत ती उचलली गेली तर अंडं तयार व्हायच्या आधीच साखळी तुटते. आणि तो झाडाखालचा कोपरा जाळी लावून बंद करायचा. कुत्र्यांची जागा अंगणाच्या उन्हातल्या, खडीच्या बाजूला हलवली. भीमला नवी जागा पसंत पडायला आठवडे लागले, मैनाने दोन दिवसांत पत्करली.

घरात लहान मूल असेल तर माणसांना धोका किती, हा प्रश्न येतोच. कुत्र्याचा व्हिपवर्म माणसाच्या बाबतीत मोठी चिंता मानला जात नाही. राउंडवर्म आणि हुकवर्म मात्र मानावेत. टॉक्सोकारा या राउंडवर्मची मातीतली अंडी मुलांच्या हातातून पोटात गेली तर अळ्या यकृत, फुप्फुस, क्वचित डोळ्यापर्यंत भटकतात आणि नजर जाऊ शकते. हुकवर्मच्या अळ्या अनवाणी पायांच्या त्वचेतून शिरून खाजणाऱ्या वेड्यावाकड्या रेषा उठवतात. शिवाय हे दोन्ही जंत आईकडून पिल्लांकडे जातात, राउंडवर्म गर्भातच आणि हुकवर्म दुधातून. एक हुकवर्म दिवसाला ०.१ मिलिलिटरपर्यंत रक्त पितो, आणि शे-दीडशे हुकवर्म एखाद्या पिल्लाला रिपोर्टमध्ये एकही अंडं दिसण्याआधी मारू शकतात. म्हणून पिल्लांना दोन आठवड्यांच्या वयापासूनच, तपासणीची वाट न पाहता, दर पंधरवड्याला औषध देतात. व्हिपवर्मचं तसं नाही. तो आईकडून येतच नाही, नेहमी मातीतूनच येतो, आणि तीन महिन्यांच्या आतल्या पिल्लाच्या विष्ठेत त्याची अंडी सहसा दिसत नाहीत.

पुढे

तिसऱ्या कोर्सनंतर मैनाचं वजन २४.१ किलो झालं, हिमॅटोक्रिट ४१ टक्के, अल्ब्युमिन ३.१. सेंट्रिफ्यूज तपासणी आणि अँटिजेन चाचणी दोन्ही निगेटिव्ह. हार्टवर्मची, म्हणजे हृदयाजवळ राहणाऱ्या जंताची, तपासणी करून दोघांना महिन्यातून एकदा मिल्बेमायसिन हे जंतांचं औषध सुरू केलं, किलोमागे अर्धा मिलिग्रॅम. महिना अशासाठी, की जंत प्रौढ होऊन अंडी घालायला अकरा आठवडे घेतात. महिन्याची गोळी चुकली नाही तर त्यांना ती संधी मिळत नाही.

सातव्या महिन्यात ती चुकली. घरची मंडळी गावाला गेली, कुत्री दुसऱ्यांकडे होती, सलग दोन महिने गोळी राहून गेली आणि परतल्यावर जाळीचं दार कुणीतरी उघडं सोडलं. तीन महिन्यांनी ठरलेल्या तपासणीत मैना निगेटिव्ह होती. भीमच्या काचेवर पुन्हा दोन बुचांची अंडी होती, आणि भीम नेहमीसारखाच धट्टाकट्टा. लक्षणांची वाट पाहिली असती तर हे कळलंच नसतं. कम्पॅनियन अ‍ॅनिमल पॅरासाइट कौन्सिल मोठ्या कुत्र्यांची विष्ठा वर्षातून किमान दोनदा आणि पहिल्या वर्षातल्या पिल्लांची किमान चारदा तपासायला सांगते, ती अशाच कुत्र्यांसाठी.

दोघांना फेनबेंडॅझोलचे तीन कोर्स पुन्हा दिले. जाळीच्या दाराला आता कडी आहे. कार्डावर औषधाचं नाव, वजन आणि मात्रा अशा तीन वेगळ्या रकान्यांत नोंद होते, आणि विष्ठेच्या रिपोर्टवर पद्धत लिहून मागितली जाते.